पेलहाइमरच्या ढालीवरचा पट्टा

प्लोनाशी कधी भांडण झालं नाही असा माणूस न्युरेंबर्गातल्या आमच्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. पाववाल्याशी तिचं पावाच्या वजनावरून वाजायचं, शेजारच्या तांबटाशी ठोकाठोकीवरून, आणि पाद्रीबुवांशी प्रवचनाच्या लांबीवरून. 'देवाला सहा दिवसांत जग करता आलं, यांना तासाभरात आमेन म्हणता येत नाही,' असं ती चर्चच्या दारातच म्हणायची, बुवांना ऐकू जाईल अशा बेतानं. तिचं पूर्ण नाव अपोलोनिया, पण एवढं लांब नाव घ्यायला माणसाबद्दल थोडी माया लागते, आणि ती गल्लीत कुणालाच नव्हती.

सगळ्यात जास्त भांडण घरात होतं. तिचा नवरा एंड्रेस वारल्याला एकोणीस वर्षं झाली होती, पण त्याची बहीण वाल्पुर्गा त्याच घरात राहत होती. कायद्यानं अर्धं घर तिचं होतं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, याचं प्लोनाकडे उत्तर होतं आणि ते ती मागितल्याशिवायही द्यायची. नणंद-भावजया एकाच खोलीत, दोन खिडक्यांपाशी, एकमेकींकडे तोंड करून कामाला बसायच्या. प्लोना छापायचे ठसे कोरायची आणि वाल्पुर्गा छापून आलेल्या कागदांवर रंग भरायची. एकीच्या रेघेत दुसरीचा रंग. त्यामुळे रंग रेघेबाहेर गेला तर वाल्पुर्गा आंधळी, आणि रेघ पुसट आली तर प्लोनाचं म्हणणं एकच, की छापणारा दारुडा. प्लोना कधीच चुकलेली नसायची.

आणि खरं सांगायचं तर, ती खरोखरच चुकत नसे. नाशपातीच्या लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावर चित्र उलटं उतरवायचं, रेघ तेवढी उभी ठेवायची आणि बाकीचं लाकूड खणून काढायचं. केसाएवढी रेघ तुटली की आठवड्याचं काम चुलीत. उजवा हात डावा होतो, डावा उजवा. आमच्या शहरात या धंद्यातला प्रत्येक जण भिंतीवर आरसा लावून ठेवतो आणि घडीघडीला फळी आरशात बघतो. मग एक कागद छापून पडताळतो. तरीही चुका होतात. एकानं तर संत पीटरच्या डाव्या हातात स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या होत्या आणि वर्षभर लोक त्याला 'स्वर्गाचं मागचं दार' म्हणत होते.

प्लोनानं मात्र तीस वर्षांत एकदाही पडताळणीचा कागद मागितला नाही. तिची फळी थेट छापखान्यात जायची. तीन वर्षांपूर्वी तिनं भिंतीवरचा आरसाही काढून टाकला. 'आरसा नवशिक्यांना लागतो,' म्हणाली, 'आणि बुर्गलला, तोंड बघायला. पण त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही.' वाल्पुर्गाला ती बुर्गल म्हणायची, आणि ते नाव असं उच्चारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, कुत्र्याला हाकलते आहे.

त्या वर्षी उपासाच्या महिन्याआधीच्या सणाला, म्हणजे फास्टनाख्टला, बाजारचौकात भालेझुंज झाली. झुंज कसली! खरे सरदार गढ्यांवर बसून हसत होते आणि इथे मिरी-लवंगा विकणाऱ्यांची पोरं लोखंड घालून घोड्यांवर चढली होती. चौकभर वाळू आणि घोड्यांची लीद पसरलेली, वरून गारांचा पाऊस. घोड्यांचे डोळे झाकलेले, कानात लोकरीचे बोळे आणि छातीवर पेंढा भरलेली उशी. तसं केलं नाही तर घोडं शहाणं असतं, ते समोरून येणाऱ्या घोड्यावर आपटत नाही. माणसांच्या डोक्यावर बेडकाच्या तोंडासारखी शिरस्त्राणं. मान खाली घातली तरच त्यांतून समोरचं दिसायचं आणि मान वर केली की नुसतं आभाळ. चोवीस जण उतरले. त्यांतल्या ओर्टोल्फ पेलहाइमरनं घाबरून वेळेआधीच मान वर केली, त्याला आभाळ दिसलं, आणि समोरच्याचा भाला लागायच्या आतच तो पालथा वाळूत पडला. विदूषकांनी त्याला पोत्यासारखं उचलून नेलं. अख्ख्या शहरानं ते पाहिलं.

पण चित्रात तसं नव्हतं. झुंजीचं मोठं चित्र छापून विकायचं ठरलं. चित्रकारानं सगळं काही फळीवर काढून दिलं. ऊन पडलंय, खिडक्याखिडक्यांत बायका हसताहेत, चोवीसच्या चोवीस स्वार ताठ बसलेत, भाल्यांच्या ढलप्या उडताहेत, आणि पेलहाइमर सगळ्यांच्या पुढे. त्या दिवशी खिडकीत एकही बाई हसत नव्हती, सगळ्या नाक शिंकरत होत्या. पण चित्र कशासाठी असतं? जे झालं नाही ते झालं होतं असं नातवंडांना सांगण्यासाठी. प्लोनाला हे चांगलं ठाऊक होतं आणि तिला त्याचा मनापासून राग होता. 'चित्रकार थापा मारतो, मी त्या लाकडात अमर करते, आणि कागदावर सही त्याची,' ती म्हणायची.

चित्राच्या वरच्या कडेला चोवीस ढालींची रांग होती, प्रत्येकीवर त्या त्या घराण्याची खूण. चित्रकारानं त्या कोऱ्या सोडल्या होत्या, कारण कुणाची ढाल कुणाच्या आधी लागायची यावरून घराण्यांची भांडणं चालली होती. ती मिटतील तशा चिठ्ठ्या येत आणि प्लोना एकेक खूण थेट फळीवर उलटी उतरवून कोरत असे. तेवीस झाल्या. शेवटची पेलहाइमरची चिठ्ठी तो स्वतः घेऊन आला.

"बाई, ही आमची ढाल. पिवळ्यावर निळा तिरका पट्टा," तो म्हणाला. "आणि जरा मोठी काढा. बाकीच्यांपेक्षा."

"बाकीच्यांपेक्षा मोठी?" प्लोनानं मान वर केली नाही. "शेठ, तुम्ही बाकीच्यांपेक्षा आधी पडलात एवढं पुरेसं नाही का?"

तो लालबुंद झाला. "घोडा बिचकला होता!"

"घोड्याचे तर डोळे झाकलेले होते. बिचकला तो बिनझाकलेला होता."

रंगाच्या वाटीत वाल्पुर्गाचं हसू सांडलं. पेलहाइमर तावातावानं बोलू लागला. आजोबा काय, व्हेनिसची गोदामं काय. प्लोना एका हातानं चिठ्ठी खिडकीकडे धरून, ती डोळ्यांजवळ नेऊन, तिरकी करून, त्याला उत्तरं देत होती. चिठ्ठीवरची शाई पाण्यासारखी पातळ होती. तो गेला तेव्हा ढाल कोरून झाली होती. संध्याकाळच्या आत फळी छापखान्यात गेली, नेहमीप्रमाणे न पडताळता. छापणाऱ्या लिनहार्ट क्रेप्सला तरी कुठे वेळ होता? उपासाचा महिना सरायच्या आत तीनशे कागद बाजारात हवे होते. ढाल अंगठ्याच्या नखाएवढी. ती बघतो कोण!

वाल्पुर्गानं बघितली. रंग भरायचे तर प्रत्येक नखाएवढ्या ढालीत ब्रश घालावा लागतो. पिवळा भरून झाला, निळा घेतला, आणि तिचा हात थांबला. आमच्याकडे पट्टा बघणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरतो. तो तसा असला की घराणं सरळ. त्याच्या उलट उतरला, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: हा माणूस लग्नाबाहेरचा. पेलहाइमरचा पट्टा उलटा उतरत होता.

आणि नेमका पेलहाइमरचा! त्याच्या आईबापांचं लग्न सप्टेंबरअखेर, मायकेलच्या सणाला झालं होतं आणि ओर्टोल्फ जन्मला पुढच्या एप्रिलात, ईस्टरला. महिने बोटांवर मोजायला शहरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं, कारण त्यांची गोदामं मोठी होती.

वाल्पुर्गाला आधी आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही. एकोणीस वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. कागद घेऊन ती समोरच्या खिडकीपाशी गेली.

"वहिनी, पेलहाइमरचा पट्टा उलटा आलाय."

प्लोनानं कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि कागद परत दिला.

तो तिनं परत देताना खालचं वर धरला होता.

तेव्हा वाल्पुर्गाला कळलं. गेल्या तीन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकदम तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बियर ओतताना आवाज ऐकत थांबणारी प्लोना. खुंटीवर टांगलेल्या झग्याला वाल्पुर्गा समजून भरपूर शिव्या घालणारी प्लोना. वाल्पुर्गा मागून आली तेव्हा तिनं 'झग्याला पण ऐकू दे' म्हणून वेळ मारून नेली होती. आणि काढून टाकलेला आरसा. चित्रकाराची जाड काळी रेघ तिला दिसत होती, आणि कोरलेलं ती बोटानं चाचपून बघायची. पण पातळ शाईची चिठ्ठी बोटाला कळत नाही. जेमतेम दिसलं ते तिनं तसंच उतरवलं, उलटायचं राहून गेलं, आणि तोंड तर भांडणात गुंतलेलं. चूक झाली होती. प्लोनाची. आणि ती तिला अजूनही दिसत नव्हती.

एव्हाना फार उशीर झाला होता. बियरच्या दुकानांत स्वस्तातले बिनरंगी कागद भिंतीवर चिकटले होते आणि लोक जवळ जाऊन ढाली मोजत होते. 'प्लोनानं पेलहाइमरची अब्रू उतरवली बरं,' असं म्हणून तांबट मांडीवर थापा मारत होता. ही चूक असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. दुसऱ्या कुणाचा ठसा असता तर लोक म्हणाले असते, बिचारा चुकला. पण प्लोना! तिनंच तर तीस वर्षं शहराला पढवलं होतं की ती चुकत नाही. दुपारपर्यंत पेलहाइमरनं मिळतील तेवढे कागद विकत घेऊन चुलीत घातले, त्यामुळे उरलेल्यांसाठी लोक हाणामाऱ्या करू लागले. मग तो पाच पंचांकडे गेला. शहरातले अब्रूचे खटले त्यांच्यापुढे चालतात.

तिथे जे झालं ते आमच्याकडे आजही सांगतात, पण बहुतेकांना त्यातलं अर्धंच ठाऊक असतं.

मुख्य पंच म्हातारे आणि भले होते. "बाई," ते म्हणाले, "एवढं मोठं चित्र, चोवीस ढाली, एकीत हात चुकला. एवढंच ना? तसं म्हणा, माफी मागा. फळीत नवा तुकडा बसवा आणि घरी जा. पण मुद्दाम केलं असेल, तर ती घराण्याची बदनामी झाली. मग शहर सोडावं लागेल. पाच वर्षं."

प्लोना एकसष्ट वर्षांची होती. पाच वर्षं म्हणजे कायमचं, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं.

पेलहाइमर पुढे झाला आणि नवल म्हणजे तिचीच बाजू घेऊन बोलू लागला. त्याचंही बरोबर होतं. चूक ठरली तर त्याची ढाल स्वच्छ. मुद्दाम ठरलं तर शहर विचारणार, मुद्दाम का? "म्हातारी आहे ती, पंच महाशय. चुकली असेल. मला राग नाही," तो म्हणाला. "बाई, म्हणा ना, चुकले म्हणून. दोन शब्द."

"शेठ," प्लोना म्हणाली, "मिरी मोजताना तुम्ही चुकता का?"

"नाही..."

"मग कमी भरते तेव्हा ती मुद्दामच भरलेली असते. माझंही तसंच."

खोलीत हशा पिकला. पंचांनी टेबलावर हात आपटला. तेव्हा मागच्या बाकावरून वाल्पुर्गा उठली. तिनं शपथ घेतली आणि सगळं सांगितलं: चिठ्ठी, पातळ शाई, खालचं वर धरलेला कागद, झग्याला दिलेल्या शिव्या.

"तिला दिसत नाही, महाराज. तीन वर्षं झाली. ती चुकली. माझ्यासारखीच, सगळ्यांसारखी चुकली."

प्लोनानं वळून तिच्याकडे बघितलं. म्हणजे, आवाज आला तिकडे. इतका द्वेष वाल्पुर्गानं त्या तोंडावर आधी कधीच पाहिला नव्हता, आणि पाहायला तर एकोणीस वर्षं मिळाली होती.

"खोटं बोलते," प्लोना म्हणाली. "अर्धं घर आहे, आता उरलेलं हवंय तिला. मला आंधळी ठरवून कोपऱ्यात बसवायचंय."

"घर नको मला तुझं, मेले!" वाल्पुर्गा ओरडली. "तू हवी आहेस घरात!"

बोलून गेली, आणि मग स्वतःच दचकली. असं काही तिला म्हणायचं नव्हतं.

पंचांनी आपसात कुजबुज केली. शेवटी ठरलं की परीक्षा घ्यावी. नाशपातीचा लहान तुकडा आणला, सुरी आणली, आणि कारकून कागदावर पेलहाइमरची ढाल काढू लागला.

"ठेवा ती लेखणी," प्लोना म्हणाली. "मला चित्र लागत नाही. तोंडी सांगा."

"पिवळी ढाल," कारकून म्हणाला. "निळा तिरका पट्टा. बघणाऱ्याच्या डावीकडून वरून, उजवीकडे खाली."

तिनं तुकडा हातात फिरवला, अंगठ्यानं लाकडाच्या शिरा चाचपल्या आणि डोळे अर्धवट मिटून कोरायला सुरुवात केली. एकदाही वाकली नाही. वाल्पुर्गा मनातल्या मनात देवाचा धावा करत होती: चुकू दे. आयुष्यभर हिनं चुकावं असं मागत आले तेव्हा ऐकलं नाहीस, आज ऐक. एक रेघ तुटू दे. पट्टा उलटा येऊ दे. प्लोनाचं बोट सुरीच्या पुढे पुढे चालत होतं. पाव खाऊन होईल एवढ्या वेळात तिनं तुकडा टेबलावर ठेवला.

कारकुनानं शाई लावली, कागद टाकला, चमच्याच्या पाठीनं घासला आणि उचलला. ढाल अंगठ्याच्या नखाएवढी, कडा सुरीसारख्या धारदार, पट्टा डावीकडून उजवीकडे. पेलहाइमर ती बघत राहिला. त्याच्या घराण्याची ढाल इतकी सुबक कुणीच कधी काढली नव्हती.

"म्हणजे तुम्हाला दिसतं," म्हातारे पंच हळूच म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं.

"तुमच्याइतकं."

"आणि ती चूक नव्हती."

"नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्पुर्गा तिचं गाठोडं घेऊन उत्तरेच्या वेशीपर्यंत गेली. बांबर्गकडे जाणारा गाडीवाला उभा होता. गाठोड्यात राईचा पाव होता, खारवलेले मासे होते, सुऱ्या होत्या. प्लोना वाल्पुर्गाचा दंड धरून चालत होती, आणि वेशीवरच्या पहारेकऱ्यांचे आवाज कानी येताच तिनं तो सोडला.

"एक शब्द होता," वाल्पुर्गा म्हणाली. "एकच. 'चुकले.' तोंड झिजलं असतं का तुझं?"

"तोंड नाही. बाकीचं काय उरलं असतं?" प्लोना हात पुढे करून गाडीची कड शोधत होती. "आंधळ्या म्हातारीला सगळे भाकरी देतील, बुर्गल. बिचारी म्हणतील. पाववालासुद्धा. ते मी ऐकून घ्यायचं?"

"बांबर्गात कोण देणार आहे तुला काम?"

"प्लोनाला? ज्या प्लोनानं पेलहाइमरची अब्रू मुद्दाम उलटी छापली, तिला?" ती वर चढली. "तिला कुणीही देईल."

गाडी हलली. ती गाडीवाल्याला चाकांच्या कुरकुरीवरून बोलू लागली होती, हे वाल्पुर्गाला लांबपर्यंत ऐकू आलं. मग ती रस्त्यातच उभी राहून रडली. रागानंच रडली असणार. पण ती घरी गेली तेव्हा तिला समोरची रिकामी खिडकी बघवेना, म्हणून तिनं आपली बैठक भिंतीकडे तोंड करून मांडली.

प्लोना दुसऱ्याच हिवाळ्यात बांबर्गात वारली. तिथे तिला काम मिळालं होतं की नाही हे नक्की कुणी सांगत नाही.

बऱ्याच वर्षांनी, पेलहाइमरही गेल्यावर, लिनहार्ट क्रेप्स एकदा छापलेले कागद द्यायला आला आणि बियर घेत बसला. म्हाताऱ्या माणसांना जुनं उकरायला आवडतं. "आता तरी खरं सांग, वाल्पुर्गा," तो म्हणाला. "ती चुकलीच होती ना? बिचारीला दिसत नव्हतं."

वाल्पुर्गानं ब्रश खाली ठेवला.

"बिचारी कुणाला म्हणतोस? प्लोना आणि चूक? मी समोर बसले होते. मुद्दाम केलं तिनं, समजून उमजून."

"पण पंचांपुढे तू शपथ घेऊन..."

"खोटी शपथ घेतली मी," वाल्पुर्गा म्हणाली. "जा, सांग सगळ्यांना."